राग कोणत्या रकान्यात लिहायचा

नागपुरात आमच्या प्रतापनगरच्या घरात हॉलमधल्या भिंतीतल्या कपाटात बाबांच्या २१२ सीडी आणि १४० च्या आसपास कॅसेटी आहेत, आणि प्रत्येक कॅसेटच्या कागदावर बाबांच्या बारीक अक्षरात, निळ्या शाईने, राग, गाणारा, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि रेडिओवरून घेतलेली असेल तर तारीख असं सगळं लिहिलेलं आहे. काचबिंदूमुळे बाबांना स्वतःचंच ते अक्षर आता वाचता येत नाही. चार वर्षांपूर्वी एका दुपारी ते कपाटासमोर उभे राहून एकेक कॅसेट डोळ्यांजवळ नेत होते आणि परत ठेवत होते, आणि शेवटी काहीच न लावता खुर्चीत जाऊन बसले, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. म्युझिक सर्व्हरचं जे काही पुढे झालं ते त्या दुपारपासून.

म्युझिक सर्व्हर म्हणजे साध्या भाषेत एक छोटा कॉम्प्युटर, ज्याच्या आत आपलं सगळं संगीत फाइल करून ठेवलेलं असतं आणि जो ते घरातल्या स्पीकरवर वाजवतो, फोनवरून सांगितलं की. तयार मिळतात. ब्लूसाउंडचा व्हॉल्ट आहे, इंग्लंडचा ब्रेनन आहे, पोर्तुगालचा इनुओस, कोरियाचा ऑरेंडर, आणि यातल्या वरच्या मॉडेलच्या किमती कित्येक लाखांत जातात. काहींना सीडीची फट असते, सीडी आत सरकवली की डबा ती स्वतः वाचतो, फाइल करतो, इंटरनेटवरून नावं आणि कव्हरचा फोटो आणतो आणि सीडी बाहेर काढून देतो. मी असाच एक घेतला, त्या मानाने स्वस्तातला, तरी सत्तर हजारांचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते माझ्या घरातलं, माझ्या विजेच्या लाइनवरचं आहे.

आणि आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. पंधरा मिनिटांत सुरू झाला. आवाज स्वच्छ, पंखा नाही, गरम होत नाही. मी रोज ऑफिसातून आल्यावर पाच-सहा सीडी घालायचो आणि महिना-दीड महिन्यात सगळ्या आत गेल्या, एकही वायर न जोडता, एकही कमांड न लिहिता. बाबा म्हणायचे काय लावायचं आणि मी फोनवरून लावायचो. आईला वाटलं प्रश्न सुटला.

पण मग डब्याने आमचं संगीत कसं लावून ठेवलंय ते मी नीट पाहिलं. त्याच्याकडे तीन रकाने. आर्टिस्ट, अल्बम, ट्रॅक. गाणाऱ्याबरोबर तबला आणि पेटीवाल्यांची नावं असली की पूर्ण सीडी ‘अनेक कलाकार’ मधे जाऊन पडायची. एकाच गायिकेचं नाव रोमन अक्षरांत तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने आलेलं, म्हणजे त्या डब्याच्या मते त्या तीन वेगळ्या बायका. मी देवनागरीत लिहिलं तर त्याच्या पुढच्या पडद्यावर चौकोन चौकोन दिसायचे. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे एका रागाचा विलंबित ख्याल हा एक ट्रॅक आणि द्रुत हा दुसरा ट्रॅक, मधे गाणारा श्वाससुद्धा वेगळा घेत नाही, आणि डबा मधे अर्धा सेकंद थांबायचा. बाबा दर वेळी त्या जागी मान वर करायचे. मारवा ऐकायचाय म्हटलं तर मारवा कुठे शोधायचा? अल्बमच्या नावात असला तर मिळेल, नाहीतर आठवा कोणत्या सीडीत कितवा ट्रॅक.

म्हणून मी आणि बाबा बसलो. सहा महिने, दर रविवारी सकाळी. ते सांगायचे आणि मी डब्याच्या ॲपमधे दुरुस्त करायचो. या मैफिलीत तबल्यावर अमुक, ही बंदिश झुमरा तालात आहे, हे कव्हरवर चुकीचं छापलंय, हा शुद्ध सारंग नाही. त्या सहा महिन्यांत मला बाबांबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या कित्येक वर्षांत कळलं नव्हतं. गायक वसंतराव देशपांड्यांचं बालपण नागपुरातलं, शंकरराव सप्र्यांकडे ते इथेच शिकले, हे बाबा असं सांगतात जसं काही शेजारच्या गल्लीतलं आहे, आणि सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहात वसंतरावांच्या स्मृतीत जो समारोह होतो त्यातल्या मैफिली बाबांना सालासकट आठवतात, कोण कोणत्या रांगेत बसलं होतं ते सुद्धा.

मग मे महिना आला. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधीचे दिवस, बाहेर ४५, दिवसातून चार-पाच वेळा लाइन जायची आणि यायची, आणि एकदा आली ती अशी आली की ट्यूबलाइट फाडकन पांढरी झाली आणि डबा बंद पडला तो कायमचा. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं मुंबईला पाठवा, मुंबईवाल्यांनी दोन महिने ठेवून सांगितलं की बोर्ड मिळत नाही, नवीन मॉडेल घ्या. मी तो परत आणला, उघडला, आतली हार्ड डिस्क काढून लिनक्सच्या लॅपटॉपला लावली. फाइल सगळ्या होत्या. २१२ च्या २१२ सीडी. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला, आणि मग एक फाइल उघडून आतली नावं पाहिली तर तीच जुनी इंटरनेटवरून आलेली, तीन स्पेलिंगवाली. आम्ही केलेली एकही दुरुस्ती फाइलमधे गेलेली नव्हती. ॲपमधे जे बदलतो ते त्या डब्याच्या स्वतःच्या डेटाबेसमधे राहतं, आणि तो डेटाबेस बोर्डवरच्या मेमरीत होता, जळालेल्या.

सहा महिन्यांचे रविवार. मी बाबांना सांगायला दोन दिवस लावले. ते म्हणाले, ‘‘मग काय झालं, मला आठवते न सगळं. पुन्हा लिही. या वेळी नीट ठिकाणी लिही म्हणजे झालं.’’

तयार की स्वतः बनवलेला या प्रश्नात लोक आवाजाबद्दल फार भांडतात, आणि मला वाटतं तिथे भांडण्यासारखं फारसं नाही. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनल, गुणाकार केला की सेकंदाला चौदा लाख बिट, तासाला साधारण ६३५ एमबी. फ्लॅक फॉरमॅटमधे ते जवळपास अर्ध्यावर येतं आणि एक बिटही हरवत नाही. महागड्या डब्यातून वाचा की स्वस्त बोर्डवरून, बिट तेच. पुढे डॅकमधे, म्हणजे या बिटांचा ऐकू येणारा आवाज करणाऱ्या भागात, फरक पडतो, तो डॅक आपण निवडायचा. आणि याच हिशोबातून जागेचंही कळतं, २१२ सीडी फ्लॅकमधे ७५ जीबीच्या आत बसतात, कॅसेटींसाठी २४ बिटने रेकॉर्ड केलं तरी शंभर-सव्वाशे जीबी, म्हणजे सगळं मिळून दोनशेच्या आसपास. चार टीबीच्या डिस्कसाठी जास्त पैसे मागणाऱ्या माणसाला हा गुणाकार तिथल्या तिथे करून दाखवावा.

मी बर्डीच्या बाजारात गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, भाऊ, काहून एवढ्या भानगडीत पडून राहिले, एखादा रेडीमेड स्पीकर घेऊन टाका न, बोललं की गाणं वाजते. चांगला माणूस आहे, त्याने मनापासूनच सांगितलं. मी रास्पबेरी पाय ४ घेतला, एका छोट्या बोर्डवर बसणारा पूर्ण कॉम्प्युटर, ४ जीबीवाला, त्याचाच ३ अँपिअरचा ॲडॉप्टर (मोबाइलच्या चार्जरवर चालवायला जाऊ नका, व्होल्टेज पडतं आणि मग भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसता), एक टीबीची एसएसडी डिस्क, आणि बोर्डवर बसणारं डॅकचं कार्ड, कारण पायच्या स्वतःच्या हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज तानपुऱ्यासाठी चालत नाही. अँप्लिफायर आणि स्पीकर बाबांचे जुनेच. चौदा हजारांच्या आत झालं. घरातला जुना डेस्कटॉप वापरावा असंही डोक्यात होतं, पण तो ६० वॅट खातो, चोवीस तास ठेवला तर महिन्याला ४३ युनिट, आणि पाय ५ वॅट धरला तर साडेतीन-पावणेचार युनिट. उन्हाळ्यात कूलरचं बिल येतं त्यात तो फरक दिसतो.

स्वतः बनवलेलं म्हणजे बिघडत नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. पहिल्या पावसाळ्याच्या आत पायमधलं मेमरी कार्ड खराब झालं, कारण लाइन गेली तेव्हा नेमकं त्यावर काहीतरी लिहिलं जात होतं. पण या वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं परत वाजत होतं, कारण गाणी एसएसडीवर होती, नावं गाण्यांच्या फाइलमधेच होती, आणि कार्डावर फक्त सिस्टिम होती जी पुन्हा टाकता येते. मग मी कार्ड फक्त वाचण्यापुरतं केलं, पायच्या सेटिंगमधे तशी सोय आहे, आणि आता लाइन दहादा गेली तरी काही होत नाही. उन्हाळ्यात दुसरा धडा मिळाला. हा बोर्ड ८० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आमच्या बंद कपाटात, शेजारी गरम अँप्लिफायर, बाहेर मे महिना, मी एका दुपारी पाहिलं तर ७९. कपाटाचं मागचं प्लाय काढून टाकलं, आई आठवडाभर बोलली नाही त्या भोकाबद्दल सोडून दुसरं काही. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नये, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार हवेतून येऊन पिनांवर बसतो. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमधे घुंग आवाज येतो, तो सर्व्हरचा दोष नसतो, त्यात दोन रविवार गेले माझे.

आता मुख्य गोष्ट, रकाने. फ्लॅकच्या फाइलमधे गाण्याबरोबर माहितीची एक चिठ्ठी असते, आणि त्या चिठ्ठीत वाट्टेल तेवढे रकाने घालता येतात, रकान्याचं नाव रोमन अक्षरांत लागतं पण आतला मजकूर देवनागरीत चालतो. एकच अट की वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने तो रकाना वाचायला हवा. मी म्युझिक प्लेअर डीमन वापरतो, एमपीडी म्हणतात त्याला, खूप जुनं आणि साधं सॉफ्टवेअर आहे, आणि त्याला कोणते रकाने कळतात ती यादी घेऊन मी आणि बाबा पुन्हा बसलो. ठरवलं ते असं. जॉन्रच्या रकान्यात राग. ग्रुपिंगच्या रकान्यात प्रहर. परफॉर्मरच्या रकान्यात साथीदार, आणि तो एकाच फाइलमधे कितीही वेळा येऊ शकतो म्हणून तबला, पेटी, सारंगी, मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्या, सगळे आपापल्या नावाने. बाबांचा आग्रह होता की तानपुऱ्याचं नाव माहीत असेल तिथे लिहायचंच. जॉन्र या शब्दाचा अर्थ काय हे त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं प्रकार, रॉक वगैरे, तर ते म्हणाले मग राग हाच प्रकार, त्यात काय.

हे झाल्यावर पहिल्यांदा मी फोनवर बागेश्री उघडला आणि एकाखाली एक नऊ बागेश्री आले, नऊ वेगवेगळ्या गळ्यांचे, दोन रेडिओवरचे आणि एक असा जो घरात आहे हे बाबा विसरले होते. त्या रात्री ते जेवायला उशिरा बसले.

कॅसेटींचं काम तयार डबा सीडीसारखं आपोआप करत नाही, हे घेण्याआधीच लक्षात ठेवायला हवं. तिथे घाई चालत नाही. तासाची कॅसेट तासभरच घेते. माझा हिशोब पावणेदोनशे तासांचा निघाला. प्रत्येक वेळी आधी हेड स्पिरिटने पुसायचं, कापसाची काडी तपकिरी होऊन येते, मग दुसरी, तिसरी पांढरी येईपर्यंत. काही कॅसेटींमधे टेपच्या मागे जी फेल्टची छोटी गादी असते ती गळून पडलेली, ती चिमट्याने बसवायची. आणि मग हेडच्या बाजूचा तो एक स्क्रू. हेड टेपला अगदी काटकोनात नसेल तर वरचे स्वर बुजतात, आणि ज्या टेपरेकॉर्डरवर तेव्हा भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल तर आताचं तितकंच तिरकं करावं लागतं, प्रत्येक कॅसेटसाठी वेगळं. बारीक स्क्रूड्रायव्हर, कान स्पीकरकडे, आणि फक्त तानपुरा ऐकायचा. आधी तो घोंगडीखालून आल्यासारखा येतो, एक गोल गुंजन, बस. स्क्रू केसभर फिरवला की काही नाही, अजून केसभर, आणि मग एकदम जवारी उघडते, तारेच्या टोकावरची ती झण्ण अशी धार हॉलभर पसरते, आणि बाबा आतल्या खोलीतून म्हणतात, ‘‘हां. तिथेच ठेव.’’ त्यांना दिसत नाही मी काय करून राहिलो ते, पण जागा त्यांना माझ्याआधी कळते.

बाबांनी स्वतः लावता यावं, हे तर पहिल्या दुपारचंच कारण होतं, आणि फोनचा गुळगुळीत पडदा त्यांच्या काही कामाचा नाही. त्यासाठी मी साडेतीनशे रुपयांचा यूएसबी नंबर पॅड आणला, बँकेतले लोक हिशोबाला वापरतात तसला, आणि पायला जोडून प्रत्येक बटणाला एक काम दिलं. १ म्हणजे सकाळचे राग, ललत, भैरव, तोडी. २ दुपारचे. ३ संध्याकाळचे. ४ रात्रीचे. ५ पुढचं, शून्य म्हणजे बंद. एमपीडीला कमांड पाठवणारी एवढीएवढी स्क्रिप्ट आहे, वीस ओळींचीही नाही. आईने १ वर आणि ३ वर टिकल्या चिकटवल्या, खड्याच्या, म्हणजे बोटाला लागतात. बाबा आता पहाटे साडेपाचला उठून अंधारात हात लांब करतात आणि टिकली चाचपून दाबतात. सकाळचं आपोआप सुरू होईल असंही करता येतं, लिनक्समधे वेळ लावून ठेवायची सोय आहे, मी केलंही होतं, त्यांनी दोन दिवसांत काढायला लावलं. दाबायचं त्यांनाच असतं.

माझा एक मित्र धरमपेठेत राहतो, डॉक्टर आहे, रात्री दहाला घरी येतो. त्याला मी तयार डबाच घ्यायला लावला आणि परत विचारलं तरी तेच सांगीन. त्याच्याकडे जुनी हिंदी गाणी, मराठी भावगीतं, थोडं पाश्चात्त्य, ते सगळं गायक-अल्बम-गाणं यात व्यवस्थित बसतं, आणि त्याच्याकडे स्क्रू फिरवायला वेळ नाही. फक्त तीन गोष्टी विचारून घे म्हटलं दुकानात. ॲपमधे केलेले बदल फाइलमधे लिहिले जातात का. सगळी गाणी बाहेरच्या डिस्कवर साध्या फाइल म्हणून काढता येतात का. आणि कंपनीचं इंटरनेटवरचं खातं बंद झालं तर हा वाजेल का. तिसरा प्रश्न उगाच नाही. स्क्वीझबॉक्स नावाचे फार सुंदर प्लेअर होते, २००६ मधे लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मधे ते बनवणं बंद केलं, आणि २०२४ मधे त्यांची ऑनलाइन सेवाही बंद झाली. तरी ते प्लेअर आज कितीतरी घरांत वाजतात, कारण त्यांचा सर्व्हर पहिल्यापासून उघडा होता, ज्याला हवा त्याने घरच्या कॉम्प्युटरवर टाकावा, आणि लोकांनी तो सांभाळला, आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने. तो पायवरही चालतो. म्हणजे तयार घेतलेलंही टिकतं, आत हात घालू दिला तर.

आमच्या सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर कपाटात आहे आणि एक अमरावतीला आत्याकडे, दर दिवाळीला बदलून आणतो. आत्या ती डिस्क देवघराच्या खणात ठेवते.

एकोणीस कॅसेटी राहिल्यात अजून. परवा त्यातली एक लावली, तिच्यावरचा कागद पाण्याने पुसला गेलाय, फक्त ‘आकाशवाणी’ आणि ‘अर्धवट’ एवढं वाचता येतं. गाणाराही कळला नाही. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही, मी म्हटलं मारवा, आणि लिहूनही टाकलं रकान्यात. बाबा डोळे मिटून बसले होते. चार-पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘स्वर तेच आहेत रे, पण तो गंधारावर येऊन थांबून राहिला, ऐक. आणि मग निषाद. मारव्यात असा नाही थांबत कोणी. पूरिया आहे.’’

मी मारवा खोडून पूरिया लिहिलं, प्रहर संध्याकाळ. गाणाऱ्याचा रकाना त्यांनी रिकामा ठेवायला सांगितलाय, बी बाजू ऐकल्यावर सांगतो म्हणाले.